छिद्र क्रमांक एकतीस

जीपच्या इंजिनाला एकूण किती भोके असतात, हा प्रश्न सुखी माणसाला आयुष्यात कधी पडत नाही. सरांना तो एका शुक्रवारी दुपारच्या चहाच्या वेळी पडला आणि रविवारी सकाळपर्यंत त्यांनी तो सोडवलाही. उत्तर आले तीस. ते चुकीचे होते, पण नेमके काय चुकले हे समजायला अजून दोन महिने होते आणि ते समजण्याची जागा भर पाण्यात होती.

सर म्हणजे तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेचे निवृत्त अधीक्षक. कानस कशी धरावी येथपासून बॉयलरचा स्फोट का होतो येथपर्यंत सर्व काही त्यांनी पस्तीस वर्षे शिकवले होते. त्यामुळे वसाहतीत त्यांना वेगळे नाव असे उरलेच नव्हते. दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांपर्यंत सगळे 'सर'च म्हणत. अपवाद फक्त घरात. त्यांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या वसाहतीच्या वहिनी, त्यांना 'अहो' म्हणत, आणि त्या 'अहो'च्या लांबीवरून पुढच्या वाक्याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र सरांनी स्वतःपुरते विकसित केले होते. आखूड 'अहो' म्हणजे चहा झाला. लांब 'अहोऽऽ' म्हणजे सरांनी काहीतरी केलेले असून ते सापडलेले आहे.

जीपही सरांसारखीच सेवानिवृत्त होती. वन खात्याच्या लिलावात ती त्यांनी घेतली तेव्हा वहिनींनी एवढेच विचारले होते, "हिला दारं कुठायत?" दारे नव्हती. टपही कापडाचा होता. पण चारही चाकांना ताकद पोचत होती, आणि ही गोष्ट सर पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगत.

वसाहत आणि शहर यांच्यामध्ये एक ओढा होता. त्याच्यावर बसका पूल होता, जो वर्षातून आठ-दहा दिवस पाण्याखाली जाई. इतर लोक ते दिवस घरी बसून काढत. सरांचे म्हणणे असे की, चारही चाकांना ताकद पोचणाऱ्या माणसाने घरी बसणे हा तंत्रज्ञानाचा अपमान आहे. गेल्या वर्षी हा अपमान टाळण्यासाठी ते वहिनींना आणि मेहुणीला घेऊन पाण्यात शिरले. बरोबर मध्यावर इंजिनाने एक हुंदका दिला आणि ते बसले. सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे निघालेला दूधवाला शेजारून जाता जाता थांबला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सर, धक्का मारू का?" आठवड्यापूर्वीच याच दूधवाल्याला सरांनी चार चाकांच्या ताकदीवर पाऊण तास व्याख्यान दिले होते. अखेर लाकडे ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरने त्यांना साखळीने बाहेर काढले. मेहुणी त्यानंतर आलेली नाही. याचे सरांना फार दुःख होते असे नाही, पण कारण आपण ठरलो याचे होते.

त्या संध्याकाळी करार झाला. सर कोणतीही गोष्ट तोंडी करत नसत. त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिले, "यापुढे सदर वाहन पाण्यामुळे बंद पडल्यास ते विनातक्रार भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यात येईल." खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या वकीलबाई. वकीलबाईंनी कागद स्वतःच्या ताब्यात ठेवला. त्यांना आयुष्यभर भाडेकरूंचे दावे लढवून कंटाळा आला होता, आणि या प्रकरणात त्यांना विलक्षण रस निर्माण झाला. बातमी भंगारवाल्यापर्यंत कोणी पोचवली ते कळले नाही. पण तेव्हापासून तो दर रविवारी येई, जीपच्या बोनेटवर टिचकी मारी, आवाज ऐकून मान डोलवी आणि निघून जाई. ज्या यंत्राचा प्रत्येक बोल्ट आपण हाताने फिरवला आहे, त्याला कोणीतरी वजनावर पाहते आहे, ही कल्पनाच सरांना सहन होत नव्हती.

म्हणून त्या शुक्रवारी चहा घेताना सरांनी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर शीर्षक घातले : 'जलाभेद्यता'. खाली तक्ता आखला. अनुक्रमांक, छिद्राचे स्थान, छिद्राचा व्यास, उपाययोजना, दिनांक, स्वाक्षरी. विचार सरळ होता. पाणी आत शिरते ते भोकातून. सर्व भोके मोजली आणि सर्व बंद केली की पाणी येणार कोठून?

"अहो, पण काही भोकं कामाचीही असतील," वहिनी म्हणाल्या.

"त्यांची व्यवस्था वेगळी आहे," सरांनी तक्त्यावरून मान वर न करता सांगितले. आणि ती खरोखरच होती. इंजिनाला श्वास लागतो म्हणून हवेच्या वाटेला त्यांनी नळकामाच्या दुकानातला जाड पाइप जोडून तो काचेच्या कडेने थेट टपाच्या वर नेला आणि त्यावर पत्र्याची टोपी बसवली. धूर सोडणारी नळीही तशीच मागून वर काढली. ठिणगी वाटणाऱ्या डब्यावर रबरी हातमोजा ताणून बसवला. त्याची पाच बोटे पाच तारांसाठी अचूक पुरली, आणि निसर्गात इतका मेळ असतो हे पाहून सर क्षणभर भावुक झाले. चाकांच्या दोन्ही आसांच्या श्वासनळ्यांना लांब रबरी नळ्या लावून त्यांची तोंडे आरशाशेजारी बांधली. गाडी आता रुग्णालयातून पळून आल्यासारखी दिसू लागली.

सल्ले येऊ लागले, कारण सल्ल्याला कोणताही पाइप लागत नाही. डॉक्टर खाली येऊन पाहून गेले. "सर, तुम्ही एकदम खोल पाण्यात न्यायची घाई करताय. रोज थोडं थोडं पाणी द्या हिला. चमच्याने. सवय होईल प्रकृतीला."

"डॉक्टर, हे लोखंड आहे."

"लोखंड आम्हीही देतो," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले.

गॅरेजवाल्या मिस्त्रीने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोके खाजवले आणि विचारले, "सर, एवढं करण्यापेक्षा पाणी उतरेपर्यंत थांबलं तर?" सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की मिस्त्रीने घाईघाईने पाना उचलून उगाचच एक नट आवळला.

खरा घाव वकीलबाईंनी घातला. कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "सर, टपाच्या वर पाइप गेला म्हणजे गाडीची उंची बदलली. उंची बदलली म्हणजे परवानगी लागते. तशीच रस्त्यावर काढलीत तर जप्त होईल. मग तुमच्या कराराचं काय? मजकुरात 'भंगारवाला' आहे, 'पोलीस' नाही." या बाईंना कराराची काळजी जीपपेक्षा जास्त होती.

सर वाहन नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज चाळला आणि पेन तिसऱ्या रकान्यावर थांबवले.

"वाहन जमिनीवरचं की पाण्यावरचं?"

"जमिनीवरचं. पण पाण्यातून जातं."

"म्हणजे दोन्ही."

"दोन्ही नाही. पाण्यातसुद्धा चाकं जमिनीवरच असतात."

"पाण्यात जमीन कुठली?"

"तळाशी."

"तळाशी जाणारं वाहन," कारकून लिहिता लिहिता पुटपुटला. "आमच्याकडे येत नाही हे. जलवाहतूक कार्यालयाचं ना-हरकत आणा."

जलवाहतूक कार्यालय एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होते, आणि तेथे बऱ्याच वर्षांत कोणी आले नसावे, कारण साहेबांनी सरांना स्वतः उठून खुर्ची दिली. मग मोठ्या उत्साहाने चौकशी सुरू झाली. नांगर आहे का? नाही. वल्ही किती? नाहीत. साहेबांनी 'वल्ही : निरंक' असे लिहिले. "आणि बुडली तर?" सर ताठ बसून म्हणाले, "बुडणार नाही. ती आधीच तळाशी आहे." तीन खेपा घातल्यावर चौथ्या खेपेस पत्र मिळाले : "सदर नौका ही नौका नसल्यामुळे या कार्यालयाची हरकत नाही." सरांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड चिकटवून टाकले. त्या दिवसांत ते सगळ्याचेच तोंड चिकटवत होते.

हा रोग घरातही पसरला होता, हे सांगणे भाग आहे. माणसाच्या हातात चिकट रबराची नळी आली आणि तीत थोडे उरले की त्याला जग गळके दिसू लागते. सरांनी न्हाणीघराची खिडकी बंद केली. टपालपेटीची फट बंद केली. दोन दिवस वीजबिल फाटकात अडकून भिजत राहिले. आणि एका सकाळी स्वयंपाकघरातून लांबलचक 'अहोऽऽ' आले.

"तेलाच्या डब्याचं भोक तुम्ही बुजवलंत?"

"दोन होती. एक पुरतं. दुसऱ्यातून मुंग्या जातात."

वहिनींनी डबा कढईवर तिरपा केला. डब्यातून 'डुबुक' असा एक आवाज आला, एक धार आली, थांबली. पुन्हा 'डुबुक'. मग तेही नाही. डबा भरलेला आणि कढई कोरडी.

"दिसलं?" वहिनींनी विचारले, अंबाड्यातली पिन काढली, बुजवलेल्या भोकात खुपसली आणि फिरवली. तेल सुरळीत आले. "पस्तीस वर्षं काय शिकवलंत हो तुम्ही पोरांना?"

सरांचे लक्ष वहीत होते. कुकरचे जुने रबरी कडे कापून त्याचा काय काय उपयोग होईल, याचा ते विचार करत होते.

नोंदणी कार्यालयातल्या निरीक्षकांची खोली आतल्या बाजूला होती. ना-हरकत पत्र घेऊन सर आत गेले तसे निरीक्षक ताडकन उभे राहिले. कानशिलावरचे केस पिकले होते, पण उभे राहण्याची पद्धत पहिल्या बाकावरची होती.

"सर! ओळखलंत? आरेखनात नापास केलं होतं तुम्ही मला. पाच गुणांनी."

"हजेरी क्रमांक सतरा," सर म्हणाले. चेहरा आठवत नसला तरी त्यांना क्रमांक आठवत. "चूक असेल, म्हणूनच केलं असेल."

"चूक होतीच सर. तुमचा लाल शाईतला शेरा अजून पाठ आहे मला." निरीक्षक हसले. कोणता शेरा ते त्यांनी सांगितले नाही, आणि सरांनी विचारले नाही. इतके शेरे त्यांनी आयुष्यात लिहिले होते. "कागद सगळे ठीक आहेत. पण नियमाप्रमाणे मला प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागेल. बुधवारी सकाळी दहाला मी ओढ्याच्या पलीकडे उभा राहतो. तुम्ही अलीकडून या."

म्हणजे एकाच वेळी परवानगी, जीप आणि पस्तीस वर्षांची अब्रू, असे सगळे बुधवारी सकाळी दहा वाजता पाण्यात उतरणार होते.

मंगळवारी संध्याकाळी सरांनी शेवटची तपासणी केली. तीसही छिद्रांपुढे स्वाक्षरी होती. आणि वही मिटताना त्यांना एकतिसावे दिसले. या जातीच्या जुन्या जीपला पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. गादी उचलली की झाकण. त्या झाकणाच्या बरोबर मधोमध, टाचणीच्या टोकाएवढे, चिखलाने अर्धवट बुजलेले एक भोक होते. गंज! एवढ्याशा भोकातून पाण्याचे चार थेंब टाकीत गेले असते तर संपलेच होते! त्यांनी ते भोक साफ केले, चिकट रबराने भरले, झाकणाखाली कुकरच्या कड्यातून कापलेली चकती बसवली आणि वहीत नोंद केली, "छिद्र क्र. ३१. गंजामुळे. कायमचे बंद." शिवाय टाकी गळ्यापर्यंत काठोकाठ भरली. जेथे पेट्रोल आहे तेथे पाण्याला जागा कोठून मिळणार? त्या रात्री सरांना लहान बाळासारखी झोप लागली.

बुधवारी पूल पाण्याखाली होता आणि ओढ्यावर वसाहत लोटली. डॉक्टर औषधांची पेटी घेऊन काठावर थांबले. ती कोणासाठी हे त्यांनी स्पष्ट केले नाही. भंगारवालाही आला होता. त्याने आज हातगाडी आणली होती, हे सरांनी न पाहिल्यासारखे केले. वहिनी शेजारच्या आसनावर येऊन बसल्या.

"तू कशाला?"

"बंद पडली तर कुणीतरी बघायला नको?"

मागच्या आसनावर वकीलबाई चढल्या. "साक्षीदार," त्या म्हणाल्या आणि मांडीवर पर्स ठेवून बसल्या. करार पर्समध्ये होता. पलीकडच्या काठावर निरीक्षक कागद घेऊन उभे होते.

सरांनी रंगाच्या खुणा केलेली काठी पाण्यात बुडवली. सत्तर सेंटिमीटर. पंख्याचा पट्टा सैल केला, म्हणजे पाते पाणी उडवणार नाही. पहिला गिअर टाकला आणि जीप पाण्यात शिरली.

आणि काय गेली म्हणता! नाकापुढे छोटी लाट ढकलत, दोन्ही पाइपांतून श्वास घेत आणि सोडत, एखाद्या संथ पाणघोड्यासारखी ती पुढे चालली. पाणी पायांशी आले, घोट्यांवर चढले. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. सायकल खांद्यावर घेतलेला दूधवाला समोरून येत होता. सरांनी त्याच्याकडे राजाने प्रजेकडे पाहावे तसे पाहिले. काठावरून टाळ्या पडल्या. सरांनी एक हात स्टिअरिंगवरून काढून उंच केला.

नेमक्या त्याच वेळी इंजिनाने खाकरल्यासारखे केले. मग एक आचका दिला. मग आणखी एक. आणि मध्यावर, गेल्या वर्षीच्या जागेपासून फार तर चार हात पुढे, ते शांत झाले.

पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

सरांनी चावी फिरवली. इंजिन फिरले, पण पेटले नाही. त्यांनी धीर सोडला नाही. ते पुस्तकाकडे वळले, म्हणजे मनातल्या. इंजिनाला लागतात तीनच गोष्टी. ठिणगी : हातमोजा कोरडा. हवा : पाइप मोकळा. पेट्रोल : काठोकाठ. तीनही हजर होत्या. पुस्तकाप्रमाणे इंजिन चालू होते.

"पाणी शिरलं का हो?" वकीलबाईंनी मागून पर्स उघडत विचारले.

"शक्यच नाही! एक थेंब शिरायला जागा ठेवलेली नाही!"

दूधवाला जवळ आला होता. "सर," तो अदबीने म्हणाला, "धक्का..."

"जरा थांब रे बाबा," वहिनी म्हणाल्या. त्या मान तिरकी करून काहीतरी आठवत होत्या. "अहो, बंद पडायच्या आधी कशी करत होती ही? थोडं येतंय, थांबतंय, थोडं येतंय, थांबतंय."

"असेल. त्याचं काय?"

"उठा."

"अगं, पाण्यात उठू?"

"उठा म्हणते ना. ज्याच्यावर बसलाय ते बघायचंय मला."

सर पाण्यात, सगळ्या वसाहतीच्या देखत, स्टिअरिंगला धरून अर्धवट उभे राहिले. वहिनींनी गादी उचलली. झाकणावर काळ्या रबराचा गोल टिळा चमकत होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा सरांकडे पाहिले, आणि अंबाड्यातली पिन काढली.

पिन आत गेली. आणि 'फुस्स्स्स' असा एक लांब, सुटल्यासारखा आवाज आला. तो पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेला असावा, कारण निरीक्षकांनी मान वर केली.

पेट्रोल जाते तर त्याच्या जागी हवा यायला हवी. हवा येत नाही तर पेट्रोल जात नाही. ही गोष्ट सरांनी पस्तीस तुकड्यांना, दर वर्षी दुसऱ्या सत्रात, फळ्यावर आकृती काढून शिकवली होती. तो गंज नव्हता. ते भोक कारखान्याने मुद्दाम, विचार करून पाडलेले होते.

"बसा आता," वहिनी म्हणाल्या. "फिरवा चावी."

दोन वळसे घेऊन इंजिन पेटले. जीप उरलेले पाणी कापून पलीकडच्या चढावर आली, ओलेत्या कुत्र्यासारखी थरथरली आणि उभी राहिली. अलीकडच्या काठावर भंगारवाल्याने हातगाडीचे तोंड फिरवावे की नाही, असा अंदाज घ्यायला सुरुवात केली.

वकीलबाईंनी करार बाहेर काढला. "हे बघा, मी कुणाच्या बाजूची नाही. पण गाडी पाण्यात बंद पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

सरांनी टोपी काढली. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "पडली," ते म्हणाले. "सही माझी आहे." आणि बोनेटवर हात ठेवून ते उभे राहिले. बोनेट कोमट होते.

"दाखवा पाहू," म्हणत वहिनींनी कागद घेतला आणि चष्मा नाकावर सरकवून वाचला. "हे काय लिहिलंय? 'पाण्यामुळे बंद पडल्यास.' पाण्यामुळे कुठे पडली? पाण्याचा थेंब नाही शिरला आत. ही ह्यांच्यामुळे पडली. ह्यांना भंगारात द्यायचं कलम असेल यात, तर सांगा."

वकीलबाईंनी कागद पुन्हा वाचला, दोनदा वाचला, आणि तीस वर्षांच्या वकिलीत प्रथमच समोरच्या पक्षाचा मुद्दा बिनशर्त मान्य केला.

निरीक्षकांनी अहवाल पुढे केला. 'मंजूर' या शब्दावर शिक्का होता. त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात, खिशातल्या खास लाल पेनाने, वळणदार अक्षरात एकच ओळ होती :

'टाकीला श्वास कोठे आहे?'

सरांनी ती वाचली. अक्षर निरीक्षकांचे होते, पण वाक्य ओळखीचे होते. हजेरी क्रमांक सतरा. पाण्याच्या टाकीचे आरेखन. रेषा, मोजमापे, छायांकन, सगळे निर्दोष. फक्त वरच्या झाकणाला हवेचे भोक नव्हते.

"सर," निरीक्षक हळूच म्हणाले, "ते पाच गुण आता...?"

"मिळणार नाहीत," सर म्हणाले. "त्या वेळी चूक ती चूकच होती." मग अहवाल परत देत ते म्हणाले, "माझेही पाच कमी कर. नियम सगळ्यांना सारखा."

त्या संध्याकाळी सरांनी वही उघडून एकतिसाव्या ओळीतला 'कायमचे बंद' हा मजकूर सरळ रेघेने खोडला आणि उपाययोजनेच्या रकान्यात 'केसांची पिन' असे लिहिले. मग ते हातोडी आणि खिळा घेऊन स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने तेथून टकटक ऐकू आली, आणि पाठोपाठ मध्यम लांबीचे 'अहोऽ'.

"आता काय करताय त्या डब्याला? भोक पाडलंय ना मी परवाच!"

"माहीत आहे," सर म्हणाले. "हे राखीव."